दगडफुलाचे गोत्र

वाचकहो, विषयाला हात घालण्यापूर्वी एक विनंती करतो. घरात गोड्या मसाल्यासाठी आणलेले दगडफूल असेल, तर त्यातला एखादा तुकडा तळहातावर घेऊन बसा. नभोवाणीवर बोलणाऱ्याची नेहमीची अडचण अशी, की त्याला वस्तू दाखवता येत नाही. पण आजच्या विषयाचा नमुना बहुतेक मराठी घरांतल्या फडताळात असतोच. एका अंगाने राखी, दुसऱ्या अंगाने काळा, कडा मुरडलेल्या, वजन जवळजवळ नाहीच. चुरगळला तर वाळलेल्या पापडासारखा मोडतो. तेलाच्या थेंबावर परतला की मगच त्याचा तो ओळखीचा वास सुटतो.

हे दगडफूल म्हणजे फूल तर नव्हेच. आणि पुष्कळदा ते दगडावरचेही नसते, झाडाच्या सालीवरून ओरबाडून आणलेले असते. शास्त्रज्ञ ज्याला लायकेन म्हणतात आणि मराठीत ज्याला शैवाक असा शब्द रूढ झाला आहे, त्या जमातीतला हा एक जीव. एक जीव म्हटले खरे, पण इथेच पहिली चूक झाली. शैवाक हा एक जीव नव्हे. तो निदान दोघांचा संसार आहे. एक बुरशी आणि दुसरे शैवल. शैवल म्हणजे पावसाळ्यात भिंतीवर हिरवा थर धरते त्या जातीचे काहीतरी, अगदी सूक्ष्म. काही शैवाकांत त्याच्या जागी नीलहरित जीवाणू असतात. या संसारात घर बुरशीचे. भिंती, छप्पर, खाली धरून ठेवणारे केसांसारखे धागे, सगळे तिच्याच तंतूंचे. चूल मात्र शैवलाची. उन्हाच्या जोरावर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून साखर करायची ती त्याने, आणि ती दोघांनी खायची. बुरशीला स्वतःचे अन्न करता येत नाही. लोणच्यावर येते ती बुरशी घ्या, पावावर येते ती घ्या, दुसऱ्याच्या शिध्यावरच त्यांचे चालते. शैवाकातल्या बुरशीने फक्त एवढे केले, की स्वयंपाकीच घरात आणून ठेवला.

ही गोष्ट १८६७ साली सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने प्रथम स्पष्ट सांगितली, तेव्हा तिचे स्वागत झाले नाही. ज्यांचे आयुष्य शैवाके गोळा करण्यात आणि त्यांना नावे देण्यात गेले होते, त्यांना आपला लाडका जीव म्हणजे एक बुरशी आणि तिने धरून ठेवलेले शैवल, ही कल्पनाच सोसेना. पॅरिसमध्ये राहणारा फिनलंडचा विल्यम नायलँडर हा त्या काळातला सर्वांत मोठा शैवाकपंडित. तो तर शेवटपर्यंत मानायला तयार झाला नाही. माणूस मात्र नजरेचा मोठा तिखट. १८६६ साली त्याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या शैवाकांकडे पाहून शहराच्या हवेची पारख कशी करता येते, ते दाखवून दिले होते. शैवाकावर रसायनाचा थेंब टाकून कोणता रंग येतो त्यावरून जात ओळखायची, ही युक्तीही त्यानेच रूढ केली. एवढा माणूस चुकला, तर आपण त्याला हसण्याचे कारण नाही. डोळ्यांना जे दिसत होते त्यावर त्याने विश्वास ठेवला, इतकेच. आणि डोळ्यांनी शैवाकाच्या बाबतीत माणसाला किती वेळा फसवले आहे, तेच मला आज सांगायचे आहे.

आता वर्गीकरण कसे होत असे ते पाहा. लिनियसने १७५३ साली आपल्या मोठ्या ग्रंथात वनस्पतींची व्यवस्था लावली, तेव्हा त्याला ठाऊक असलेली सगळी शैवाके त्याने एकाच प्रजातीत घालून टाकली, ‘लायकेन’ या नावाखाली. त्याचा शिष्य एरिक अकेरियस याने १८०३ साली त्या गाठोड्याची गाठ सोडली आणि आकारावरून अनेक प्रजाती पाडल्या. पुढे दीडशे-पावणेदोनशे वर्षे हीच वाट चालू राहिली. काही शैवाके खडकावर रंगाचा डाग पडावा तशी चिकटलेली, सुरीनेसुद्धा न निघणारी. काही पानासारखी पसरट, आपल्या दगडफुलासारखी. काही झुडपासारखी, नाहीतर ऋषीच्या दाढीसारखी फांदीवरून लोंबणारी. त्यात मग फळाचा भाग वाटोळा की लांबट, बीजुके किती कप्प्यांची, थेंब टाकल्यावर लाल होते की पिवळे, असे करत करत कुळे आणि प्रजाती ठरल्या.

एक कायदेशीर प्रश्न मधे उभा राहिला. संसार दोघांचा, मग नाव कुणाचे? विसाव्या शतकाच्या मध्याला वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय नियमांत ठरले, की शैवाकाला दिलेले नाव हे त्यातल्या बुरशीचे समजावे. शैवलाचे नाव वेगळे असेल. म्हणजे शैवाकांचे वर्गीकरण करायचे ते खरे पाहता बुरशीचे वर्गीकरण. २०१६ च्या एका जागतिक मोजणीप्रमाणे अशा शैवाक करणाऱ्या बुरशीच्या १९,३८७ जाती आणि ९९५ प्रजाती नोंदल्या गेल्या होत्या. लहानसहान जमात नव्हे ही.

आणि इथे खरा प्रश्न येतो. या वीसेक हजार जाती एकमेकींच्या कोण? सगळ्या एका मूळ पुरुषाच्या लेकी, की निरनिराळ्या घरांतून येऊन एकच धंदा धरलेल्या?

आपल्याकडे हे समजणे अवघड नाही. समजा, पंढरपूरला एक कुलकर्णी भेटले आणि बेळगावला दुसरे. दोघांची आडनावे एक, म्हणून ते भाऊबंद ठरतील का? मुळीच नाही. कुलकर्ण म्हणजे गावाचे दप्तर सांभाळण्याचे वतन. ज्याच्याकडे ते आले तो कुलकर्णी झाला. निरनिराळ्या गोत्रांची घराणी या एका आडनावाखाली आली आहेत. तसेच पाटील, तसेच देशपांडे. उलट, दोन सख्ख्या भावांच्या वंशात एक शाखा कुलकर्णी राहिली आणि दुसरीने गावावरून वेगळेच आडनाव घेतले, असेही कुलवृत्तान्तांत सापडते. आडनाव धंद्याचे आणि गोत्र रक्ताचे. ‘शैवाक’ हे यातले काय आहे, आडनाव की गोत्र? श्वेंडेनरनंतर शंभर-सव्वाशे वर्षे ही शंका शास्त्रज्ञांच्या मनात होती; पण निवाडा कशाने करायचा? आकार पाहावा, तर सारखे काम करणाऱ्यांचे आकार सारखे होतातच. देवमासा माशासारखा दिसतो, म्हणून काही मासा होत नाही.

निवाडा करणारी कागदपत्रे जिवाच्या प्रत्येक पेशीत होती. ती वाचण्याची विद्या नव्हती. ती आली म्हणजे काय झाले, हे सांगण्यासाठी तुम्हाला पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात नेतो. १९१९ पासून १९६६ पर्यंत तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध झाली. काश्मीरपासून केरळापर्यंतच्या पोथ्या गोळा केल्या, आणि एकेक श्लोक पोथीपोथीतून ताडून पाहिला. नकल करणारा लेखनिक कुठेतरी चुकतो. एखादा शब्द गळतो, एखादे अक्षर बदलते. त्या पोथीवरून जो दुसरा नकल करतो तो ती चूकही इमानाने उतरवतो, आणि वर स्वतःची एक घालतो. तेव्हा दहा पोथ्यांत एकाच जागी एकच विचित्र चूक दिसली, की समजावे, या दहांची आजी एक. बाहेरून पोथी कोणत्या रंगाच्या फडक्यात बांधली आहे याला या कामी काडीची किंमत नाही.

डीएनए ही अशीच पोथी, चार अक्षरांत लिहिलेली. पिढ्यान्‌पिढ्या तिची नकल होत आली आहे, आणि क्वचित कुठे एखादे अक्षर चुकत आले आहे. शैवाकाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा, कुटून पेशी फोडायच्या, डीएनए सोडवून घ्यायचा. आता अडचण अशी, की त्या तुकड्यात बुरशीचा, शैवलाचा, शिवाय वर बसलेल्या जीवाणूंचा, सगळ्यांचा डीएनए कालवलेला असतो. त्यातून फक्त बुरशीचा उचलायचा कसा? १९८०च्या दशकात कॅरी मलिस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने एक कृती शोधून काढली. तिला पीसीआर म्हणतात आणि तिच्याबद्दल त्याला १९९३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. तिचे मर्म असे, की डीएनएचा जो भाग हवा असेल त्याच्या दोन टोकांना बरोबर चिकटतील असे छोटे तुकडे घालायचे, की तेवढ्याच भागाच्या लक्षावधी नकला तयार होतात. हे तुकडे फक्त बुरशीच्याच पोथीला चिकटतील असे बेतले, की बाकीच्यांची पोथी मिटलेली राहते. करोनाच्या साथीत नाकात काडी घालून जी तपासणी झाली, तीही याच कुळातली बरं का.

बुरशीच्या पोथीतला एक सहाशे-सातशे अक्षरांचा उतारा फार उपयोगी ठरला. त्याचे नाव आयटीएस. तो स्वतः कसलेही प्रथिन बनवत नाही, म्हणून त्यातल्या चुका सहज टिकतात, आणि जवळच्या जातीसुद्धा त्यावरून वेगळ्या कळतात. २०१२ साली जगातल्या बुरशीतज्ज्ञांनी ओळखीचा शिक्का म्हणून हाच उतारा पत्करला. पण दूरचे नाते शोधायचे असेल तर तो फार बदललेला असतो, ताडता येत नाही. तिथे सावकाश बदलणारी जनुके घ्यावी लागतात. पणजोबा शोधायला रोजचे हिशोबाचे चिटोरे कामाचे नाही, सनदच हवी.

तर निवाडा काय झाला? १९९५ साली आंद्रेआ गार्गस, पॉला डीप्रीस्ट, मार्टिन ग्रूबे आणि आंडेर्स टेलर या चौघांनी असे एक सावकाश बदलणारे जनुक अनेक बुरशींत वाचून वंशावळ मांडली. शैवाके तीत एका फांदीवर नव्हती. निदान पाच निरनिराळ्या ठिकाणी बुरशीने स्वतंत्रपणे शैवलाशी संसार मांडलेला दिसत होता. भूछत्रांच्या घराण्यात मांडलेला होता, आणि पिशवीत बीजुके भरून ठेवणाऱ्या बुरशींच्या मोठ्या घराण्यातही होता. म्हणजे शैवाक हे गोत्र नव्हे, आडनावच!

मग २००१ साली फ्रांस्वा लुट्झोनी, मार्क पेजेल आणि व्हॅलेरी रीब यांनी हिशोब उलटा करून दाखवला. त्यांचे म्हणणे असे, की पिशवीवाल्या घराण्यात शैवाक होणे फार थोड्या वेळा घडले, पण शैवाकपण सोडून देणे पुष्कळ वेळा घडले. वतन सोडून नोकरीला लागावे, तसे. आणि नोकरीला लागलेल्यांत कोण निघाले म्हणता? पेनिसिलियम. ज्या बुरशीपासून पेनिसिलीन निघाले, १९५५ पासून आपल्या पिंपरीच्या कारखान्यात जे तयार होऊ लागले, त्या बुरशीचे पूर्वज कधीकाळी शैवाक असावेत असे या गणिताने सुचवले. पेनिसिलीनने किती घरे सावरली हे त्या पिढीतल्या कोणालाही विचारा. हे अनुमान मला मोठे मोहक वाटते. पण मोहक वाटते म्हणून पक्के होत नाही. पुढे अधिक जनुके आणि अधिक जाती घेऊन तोच हिशोब मांडला, तेव्हा किती वेळा धरले आणि किती वेळा सोडले याचे आकडे हलले. ते अजूनही हलतात. वयाचेही तसेच. जमिनीवर पहिले पाऊल शैवाकांनी टाकले, त्यांनी खडक फोडून माती केली आणि मग झाडे आली, असे आपण शाळेत शिकलो. २०२० साली मॅथ्यू नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जनुकांतले फरक आणि जीवाश्मांची वये यांची सांगड घातली, तेव्हा आजच्या शैवाकांची घराणी रसवाहिन्या असलेल्या वनस्पतींच्या नंतरची निघाली. शाळेतला तो धडा तेवढ्यापुरता तरी मागे घ्यावा लागतो.

आता आपल्या सह्याद्रीत येऊ. महाबळेश्वरला किंवा आंबोलीला गेलात, तर गुळगुळीत सालीच्या झाडापाशी थांबा. सालीवर पांढरट पातळ थर दिसेल आणि त्यावर काळ्या बारीक रेघा, कुठे वळलेल्या, कुठे फाटे फुटलेल्या. कोणीतरी घाईने मोडीत काही खरडले आहे असा भास होतो. हे लिपीशैवाक, शास्त्रीय नाव ग्राफिस, म्हणजे लिहिण्यावरूनच आलेले. त्या रेघा म्हणजे त्याची फळे. त्यांच्या चिरेतून बीजुके बाहेर पडतात. याच्याच शेजारी दुसरा एक थर असतो. त्यावर रेघा नाहीत. सुईने टोचावीत तशी वाटोळी भोके आहेत. रेघवाल्यांचे कूळ निराळे आणि भोकवाल्यांचे निराळे, असे पिढ्यान्‌पिढ्या मानले गेले. फरक इतका उघड, की शंका घ्यायला जागाच नव्हती. जनुके वाचली तेव्हा दिसले, की रेघवाले आणि भोकवाले एकमेकांत पुरते मिसळलेले आहेत. एका पोटशाखेत रेघ आणि भोक सख्खी भावंडे. दुसरीकडे दोन रेघवाले एकमेकांचे कोणीच नव्हेत. वाटोळे फळ लांबट होणे हे या घराण्यात वारंवार घडलेले आहे. २००८ च्या सुमारास भोकवाल्यांचे स्वतंत्र कूळ रद्द झाले आणि सगळे लिपीशैवाकांच्या कुळात आले.

यामुळे जुन्यांचे काम वाया गेले का? नाही. पुण्याच्या महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, जिला आता आघारकर संशोधन संस्था म्हणतात, पटवर्धन आणि उर्मिला माखिजा यांनी सह्याद्रीतली शैवाके वर्षानुवर्षे गोळा करून, कापून, सूक्ष्मदर्शकाखाली घालून नोंदली. लखनौला धरणीधर अवस्थी यांनी भारतभरच्या शैवाकांचा पाया घातला. २०१० साली निघालेल्या यादीत भारतातल्या तेवीसशेवर जातींची नावे आली, ती अशा लोकांच्या पायपिटीतून. जनुके वाचणाऱ्याला आधी वाचायला नमुना लागतो. आणि तो कोणता, कुठला, कोणत्या झाडावरचा, हे लिहिलेले पाकीट लागते. पाकिटावर काही नसेल तर सहाशे अक्षरे वाचून काय करायचे?

दगडफुलाच्या स्वतःच्या घरातही एक गोष्ट घडली. दगडफूल म्हणून जे विकले जाते त्यातले पुष्कळसे पार्मोट्रेमा या प्रजातीतले असते. १९९० साली मेसन हेल आणि फ्लेचर यांनी त्यातल्या काही जाती वेगळ्या काढून त्यांची रिमेलिया ही नवी प्रजाती केली. कारणे सरळ होती. या जातींच्या वरच्या अंगावर बारीक जाळीदार चिरा असतात, आणि खालचे काळे केस पार कडेपर्यंत जातात. बाकीच्या पार्मोट्रेमांत कडेला केसांशिवाय मोकळी पट्टी राहते. हेल हे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेतले फार मोठे जाणकार. त्यांच्या निरीक्षणात खोट नव्हती. चिरा आहेत, केसही आहेत. पण २००५ साली स्पेनमधल्या अभ्यासकांनी जनुके ताडली, तेव्हा रिमेलियाच्या जाती पार्मोट्रेमाच्या पोटातच पडल्या. वेगळे बिऱ्हाड पंधरा वर्षे चालले आणि पुन्हा एकत्र कुटुंब झाले.

तुम्ही म्हणाल, ही शास्त्रज्ञांची नावे बदलण्याची हौस. आमच्या मसाल्याला काय फरक पडतो? थांबा. आता याच्या उलट बाजूची हकिगत ऐका.

मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या डोंगरांत कोरा नावाचे एक देखणे शैवाक आहे. भूछत्रांच्या घराण्यातले, जमिनीवर, फांद्यांवर करड्या पंख्यांसारखे उगवते. शास्त्रात याची एकच जात समजली जाई. सगळीकडे आढळणारी, म्हणून काळजी करण्यासारखी नव्हे. रॉबर्ट ल्युकिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठिकठिकाणचे नमुने आणून त्यांचे आयटीएस वाचले. २०१४ साली त्यांनी जाहीर केले, की या एका जातीत १२६ जाती आहेत. आणि जिथून नमुने आणलेच नाहीत ते प्रदेश धरले, तर चारशेहून अधिक असाव्यात. पुढे दोन वर्षांनी त्यांतल्या सत्तर नव्या जातींना रीतसर नावे मिळाली. आता याचा अर्थ लक्षात घ्या. जी एक जात खंडभर पसरलेली म्हणून निर्धास्त होती, तिच्या ठिकाणी शेकडो जाती आल्या, आणि त्यांतल्या पुष्कळ एखाददुसऱ्या डोंगरापुरत्याच. तो डोंगर नांगरला की ती जात गेली. यादीत मात्र तिचे नावच नव्हते, तर गेली म्हणून लिहायचे तरी कोणी?

कधी कधी जनुके वाचून नाते लागते आणि तरीही कोडे सुटत नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडे सूचिपर्णी झाडांवरून लोंबणारे ब्रायोरिया नावाचे दाढीशैवाक आहे. एक तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ते शिजवून खात. दुसरे पिवळसर, त्यात व्हल्पिनिक आम्ल नावाचे विष असते. एक अन्न, एक विष. साहजिकच दोन जाती मानल्या. २००९ साली जनुके ताडली तर बुरशी एकच आणि शैवलही एकच. मग विष येते कुठून? माँटानात काम करणाऱ्या टोबी स्प्रिबिल यांनी, पेशीत कोणती जनुके जागी आहेत ते पाहण्याची नवी रीत वापरली. तरीही त्या बुरशीत आणि शैवलात फरक सापडेना. शेवटी त्यांनी आपली चाळणी सैल केली, आणि पिशवीवाल्या बुरशीपलीकडेही काही सापडते का ते पाहिले. तेव्हा शैवाकाच्या सालीतच बसलेले एक यीस्ट सापडले, अगदी निराळ्या घराण्यातले. पिवळ्या नमुन्यांत ते जास्त होते. २०१६ साली हे प्रसिद्ध झाले, आणि दीडशे वर्षे दोघांचा म्हणून सांगितलेला संसार तिघांचा आहे अशी वर्तमानपत्रांतून एकच गर्दी उडाली. जरा घाईच झाली ती. २०१९ साली दुसऱ्या अभ्यासकांनी ३३९ जातींच्या शैवाकांत हे यीस्ट शोधले. ते फार थोड्यांत निघाले. म्हणजे काही घरांत तिसरा आहे, सगळ्या घरांत नाही.

वंशावळीच्या कामात धोकेही आहेत, ते लपवून चालणार नाही. शैवाकाच्या अंगात चोरून राहणाऱ्या इतर बुरशी असतात. तुमचा छोटा तुकडा चुकून त्यांच्या पोथीला चिकटला, तर तुम्ही यजमानाऐवजी पाहुण्याची वंशावळ लिहून मोकळे होता. जुनी नावे जुन्या नमुन्यांवर बांधलेली; शंभर-दोनशे वर्षांच्या वाळक्या नमुन्यातला डीएनए तुकडे तुकडे झालेला असतो, आणि एकुलता एक मूळ नमुना कुटायला कोण देणार? शिवाय दोन जनुके दोन निरनिराळ्या वंशावळी सांगतात असेही होते. म्हणून आता एक-दोन उताऱ्यांवर न थांबता सबंध पोथीच, म्हणजे पुरता जीनोम, वाचू लागले आहेत. २०२२ साली स्प्रिबिल यांच्याच गटाने असे वाचन केले, तेव्हा निरनिराळ्या वर्गांत विखुरलेल्या सहाशेच्या वर जाती एका जुन्या शाखेवर येऊन बसल्या. ही शाखा इतरांपासून तीस कोटी वर्षांपूर्वी फुटली असावी. तिच्यात शैवाके आहेत, जमिनीतून काळ्या जिभेसारख्या वर येणाऱ्या बुरशी आहेत, आणि किड्यांच्या पोटात राहणाऱ्याही आहेत. असे चुलतभाऊ कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

आता तळहातावरच्या तुकड्याकडे परत या. दगडफूल शेतात पिकत नाही. ते रानातून येते. हिमालयाच्या उतारांवरून येते, इतर डोंगरांतून येते. पोत्यात भरणारा जाती पाहून भरत नाही, वजन पाहून भरतो. त्यामुळे पार्मोट्रेमाबरोबर एव्हर्निॲस्ट्रम येते, दाढीशैवाकाचा धागाही येतो. पसरट शैवाक वर्षाला काही मिलिमीटर वाढते. तुमच्या हातातला तळहाताएवढा तुकडा व्हायला पुष्कळ पावसाळे लागले असणार, आणि ओरबाडायला एक क्षण. बाजारात या सगळ्यांचे नाव एक, भाव एक. यातल्या कोणत्या जाती मुबलक आहेत आणि कोणती एखाद्याच रांगेत उगवणारी आहे, हे पोते पाहून सांगता येत नाही. कोराच्या बाबतीत जे झाले ते इथे झाले नसेलच, असे मानायला काही आधार नाही. पोत्यातला चुरा घेऊन त्याचे आयटीएस वाचणे आज अवघड राहिलेले नाही. पण ताडून पाहायला सह्याद्रीतल्या आणि हिमालयातल्या नाव-गाव लिहिलेल्या नमुन्यांची वाचलेली पोथी हवी, आणि ते काम जिथे जिथे व्हायचे राहिले आहे, तिथे चुऱ्याचे उत्तर ‘पार्मोट्रेमा, जात माहीत नाही’ असेच येते.

घरात एखादे भिंग असेल तर तो तुकडा पाण्यात पाच मिनिटे भिजवा. वाळल्यावर कडक झालेला तो नरम होईल आणि वरचे अंग जरा हिरवट दिसेल. आतले शैवल पाण्याने वर उजळते, त्याचा तो रंग. मग उलटा करा. काळे केस कडेपर्यंत आहेत की कडेला मोकळी पट्टी आहे, ते पाहा. वरच्या अंगाला जाळीदार चिरा आहेत का, तेही पाहा. एकाच पुडीतले चार तुकडे असे शेजारी मांडा. चौघांचे चार प्रकार निघाले, तर दुकानदाराशी भांडू नका. त्यालाही ते एकच दिसतात.